एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले मूलनिवासी यूट लोक कुठल्या घरांत राहत? सगळेच टिपीत, म्हणजे दांड्यांवर कातडं ताणलेल्या शंकूसारख्या तंबूत का?

नाही, सगळे नाही. कोलोरॅडो आणि युटाच्या डोंगराळ भागातल्या या लोकांचं जुनं घर म्हणजे विकिअप: लाकडी दांडे शंकूसारखे टेकवायचे, वरून फांद्या, पाला, जुनिपरची साल. मुक्काम हलला की ते तिथेच सोडून द्यायचं. पश्चिम कोलोरॅडोत अशा काही विकिअपचे दांडे अजून उभे आहेत.

कातडी टिपी मुख्यतः पूर्वेकडच्या टोळ्यांत रुळली, तीही स्पॅनिश लोकांकडून घोडे मिळाल्यावर. घोड्यांशिवाय एवढं जड ओझं वाहणार कोण? एल्क (मोठं हरीण) किंवा बायसनची (रानबैल) कातडी कमावणं, शिवणं, तंबू उभारणं ही सगळी बायकांची कामं. शिकार पुरुषांची, कंदमुळं, बेऱ्या, बिया गोळा करणं पुन्हा बायकांकडेच.

उन्हाळ्यात नात्यातली मोजकी कुटुंबं मिळून डोंगरात फिरत, थंडीत खाली दऱ्यांत उतरत. लग्नानंतर जावई बहुधा सासरच्या माणसांत राहायला येई. तान्ही बाळं पाठीवरच्या पाळणा-फळीत, जरा मोठी झाली की आजी-आजोबांच्या ताब्यात. वसंतात अस्वल-नृत्याला सगळे जमत. सोयरिकी बऱ्याचदा तिथेच जुळत.

१८८१मध्ये सरकारने कोलोरॅडोतल्या बऱ्याच यूटांना बळाने युटात हलवलं. हे फिरतं जगणं मोडलं ते प्रामुख्याने अशा सक्तीमुळे.