सायकेडेलिक रॉक पोस्टरवरची अक्षरं वाचताच येत नाहीत, मग उपयोग काय? आणि तसं पोस्टर करायचं तर फॉन्ट कोणता घ्यायचा?

फॉन्ट घेऊच नका, कारण १९६० च्या दशकातल्या रॉक कार्यक्रमांच्या त्या भडक रंगांच्या, वळवळत्या अक्षरांच्या पोस्टरांची सगळी जादू अक्षरं हाताने जागेत बसवण्यात आहे.

ही पोस्टरं करणाऱ्या वेस विल्सन या चित्रकाराचं जुलै १९६६ चं एक पोस्टर शोधून बघा, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर ऑडिटोरियमचं, द असोसिएशन या बँडच्या कार्यक्रमाचं. हिरव्यावर लाल ज्वाळा दिसतात आणि जरा वेळ बघत राहिलं की लक्षात येतं, अरे, ज्वाळा म्हणजेच तर बँडची नावं आहेत! म्हणजे चित्र वेगळं, मजकूर वेगळा अशी भानगडच नाही, आधी एक आकार आणि त्याच्या पोटात अक्षरं ठासून भरलेली, एक फुगलं की शेजारचं दबतं आणि मध्ये उरते फक्त बारीकशी फट. ही वाट विल्सनला व्हिएन्नाचा चित्रकार आल्फ्रेड रोलर याच्या १९०३ च्या आसपासच्या पोस्टरांवरून सापडली. फिलमोर चालवणाऱ्या बिल ग्रॅहमची कुरकुर असायची की वाचता येत नाही, पण लोक नेमके त्यामुळेच थांबायचे, आणि खांबावर लावलेली पोस्टरं काढून घरी न्यायचे. याहून जास्त उपयोग पोस्टरचा अजून काय असणार?

रंगाचं म्हणाल तर गुरू एकच, व्हिक्टर मोस्कोसो. तोही असाच पोस्टर करणारा, आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठात योसेफ आल्बर्स या चित्रकाराच्या हाताखाली रंग शिकला होता. लाल आणि निळा किंवा लाल आणि हिरवा असे विरुद्ध रंग घ्यायचे पण दोघांचा उजळपणा सारखा ठेवायचा, मग डोळ्याला कड पकडताच येत नाही आणि ती थरथरते. त्याचं १९६७ चं चेंबर्स ब्रदर्स या बँडचं पोस्टर बघा, बाईच्या गॉगलच्या काचांमध्ये मजकूर आहे आणि तो अक्षरशः हलतो. तुमचं डिझाइन ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटांचं, करून बघा, अक्षरं जवळजवळ गायब झाली तर रंग बरोबर जमलेत.

कोलाजबद्दल, म्हणजे तयार चित्रं उचलून नवं चित्र जुळवण्याबद्दल, मात्र मला कळकळीने सांगायचंय, कारण हल्ली मशरूम, डोळे, मंडल, ग्रह सगळं एकावर एक रचतात आणि त्याला सायकेडेलिक म्हणतात. आल्टन केली आणि स्टॅन्ली माउस यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच अॅव्हलॉन बॉलरूम या सभागृहासाठी ग्रेटफुल डेड या बँडचं पोस्टर केलं, त्यातला गुलाबांनी सजलेला सांगाडा एडमंड सलिव्हन या चित्रकाराने फारसी कवी उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेल्या शाईच्या चित्रातून उचललेला आहे, तोही शहरातल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं चाळताना मिळालेला. चित्र एकच. त्याला रंग दिला, चौकट दिली, अक्षरं दिली आणि पुढे तो त्या बँडची ओळखच होऊन बसला. केलीची नजर आणि माउसचा हात अशी ती जोडी होती, आणि कोलाजमध्ये नजर जास्त महत्त्वाची असं मला मनापासून वाटतं. तेव्हा कॉपीराइट संपलेली जुनी चित्रं भरपूर बघा आणि त्यातलं एकच निवडा.

आणि मजकूर मराठीत असेल तर शिरोरेषा पट्टीने मारलेली सरळ ठेवू नका, तिलाच वळवा, जाड-बारीक करा, आकाराची वरची कड तिचीच होऊ द्या. वेलांट्या आणि मात्रा मोकळी जागा भरायला फार कामाला येतात, इंग्रजीत ही सोय नाही. पहिला कच्चा आराखडा पेन्सिलने कागदावरच करा, स्कॅन नंतर.