विचारा, सांगतो : चेहऱ्यावरची सुई

प्रश्न : कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स घ्यायचं होतं. मिरजेतून निघताना बधिर करणारं क्रीम लावलं, तोंडाला स्कार्फ बांधला आणि स्कूटीवरून सांगली गाठली. तरी एकूण एक सुई टोचली. क्रीम बनावट असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : क्रीम बहुधा चांगलंच होतं, पण निम्मं स्कार्फलाच लागलं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेलं हे क्रीम चोळून जिरवायचं नसतं. सायीसारखा जाड थर द्यायचा, वर क्लिंग फिल्म चिकटवायची आणि ४५ मिनिटं ते तासभर थांबायचं. स्कूटीवरच्या वीस मिनिटांत ते कातडीत पुरेसं उतरतच नाही. शिवाय घामाबरोबर डोळ्यात ओघळलं तर बुबुळ बधिर होतं आणि कचरा गेला तरी कळत नाही. म्हणून क्लिनिकमध्येच लावून घ्या. जी-६-पी-डीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर आधी सांगा. प्रिलोकेन अशांना चालत नाही.

खरं तर कपाळासाठी आम्ही क्रीमचा आग्रह धरत नाही. गॉजमध्ये गुंडाळलेला बर्फ मिनिट-दोन मिनिटं धरून लगेच टोचलं, तरी भागतं. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे काळंनिळंही कमी पडतं.

झोंबण्याची कारणं बहुतेकदा वेगळीच असतात. एक म्हणजे ओलं स्पिरिट. ते वाळायच्या आत टोचलं की सुईबरोबर आत जातं. दुसरं, बोथट सुई. सुईच्या टोकावर सिलिकॉनचा गुळगुळीत लेप असतो. बाटलीच्या रबरी बुचातून जाताना तो खरवडला जातो. म्हणून औषध जाड सुईनं ओढायचं आणि टोचायला नवी ३० ते ३२ नंबरची घ्यायची (नंबर मोठा तितकी सुई बारीक). भुवयांमधल्या आठ्यांना ५ जागी मिळून २० युनिट लागतात, तेवढं एका सुईत होतं. कपाळ आणि डोळ्यांच्या कडाही करायच्या असतील तर मध्ये सुई बदलायला सांगा. सांगायला लाजू नका.

प्रश्न : मी क्लिनिकमध्ये मदतनीस आहे. ओठांत फिलर (ओठ भरायचं जेल) देताना पेशंट हटकून डोकं मागे ओढतात. काय करता येईल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ओठाइतकी हळवी जागा चेहऱ्यावर क्वचितच सापडेल. फिलरमध्ये ०.३ टक्के लिग्नोकेन मिसळलेलं असलं, तरी पहिली टोच लागतेच. दाताचे डॉक्टर करतात तसं आतल्या बाजूनं २ टक्के लिग्नोकेन देऊन वरच्या आणि खालच्या ओठाच्या नसा डॉक्टरांनी बधिर केल्या, तर पाच मिनिटांत काम सोपं होतं. भरणंही सावकाश हवं. घाईनं दाबलेलं जेल कातडी ताणतं आणि ठणकतं.

तुमच्या हातातलं काम म्हणजे डोक्यामागे घट्ट उशी द्या आणि टोचायच्या जागेपासून दोन बोटं लांब टकटक करत राहा किंवा व्हायब्रेटर धरा. स्पर्शाचा संदेश वेदनेची वाट अडवतो, हा मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला सिद्धांत. टोचायच्या आधी ‘आता टोचतेय’ असं डॉक्टरांनी स्पष्ट म्हणावं. ‘काही होत नाही हो’ म्हणत गुपचूप टोचलं की पुढच्या वेळी मान आधीच आखडते.

एक मात्र ध्यानात ठेवा : बधिर ओठ धोक्याची वेदनाही लपवतो. जेल रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, जाळीसारखे निळसर डाग उमटतात. बोटानं दाबून सोडल्यावर दोनएक सेकंदांत लाली परतली नाही, तर तिथंच थांबायचं. हायलुरोनिडेज (जेल विरघळवणारं औषध) त्याच खोलीत हवं, मेडिकलमधून आणू म्हणून चालत नाही. दिसणं अंधुक झालं तर पळापळच.

प्रश्न : उपाशीपोटी यायचं का? आदल्या दिवशी वेदनाशामक गोळी घ्यावी?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : पोटभर खाऊन या, उपाशी माणसाला सुई बघूनच चक्कर येते. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेननं काळंनिळं जास्त पडतं. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मात्र आपल्या मनानं बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.