पदनाम वेगळं असलं तरी काम एकच असेल तर

ताई, जालन्याच्या कारखान्यात शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या मुलाला तुमच्यापेक्षा जास्त पगार, आणि एचआर म्हणतं 'त्याचं पदनाम वेगळं आहे'. वाचून राहवलं नाही. वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला असताना मीही हेच ऐकलंय. मी असिस्टंट, माझ्यासोबतचा मुलगा इंजिनियर. डिप्लोमा दोघांचाही, तपासायचे पार्ट तेच, रिपोर्टवर सह्या आळीपाळीने.

पण मला सगळ्यात महाग पडली ती कंपनी नव्हे, एक सरकारी कचेरी. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि हातात परत ठेवला, 'पदनामच वेगळं, मग तुलना कशाची?' आवक नंबर नाही, पोच नाही. तोंडी नकारावर दाद तरी कुठे मागायची? तोवर कंपनीने त्याला सीनियर केलं, कामाची वाटणीही कागदावर बदलून टाकली. माझे फरकाचे पैसे बुडाले ते बुडालेच.

साहेबांचं म्हणणं साफ चुकीचं होतं. 1976 च्या समान वेतन कायद्यात 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' असं होतं, त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही तेच. ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाईंच्या खटल्यात 1987 साली सुप्रीम कोर्टाने प्रत्यक्ष कामच बघितलं. युनियनशी करार झालाय, कंपनीची ऐपत नाही, या दोन्ही सबबी चालल्या नाहीत.

म्हणून पदनामावर वाद घालत बसू नका. शिफ्टचे तक्ते, दोघांना एकत्र आलेले कामाचे मेल, सह्यांचे रिपोर्ट यांच्या प्रती जमवा. अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. संहितेत दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे. मी वकील नाही, एकदा कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवाच.

तुमचे भाऊ म्हणतात 'सरकारी नोकरी धर, तिथे असं नसतं', ते अर्धंच खरं. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात एका स्तरावर बाई-पुरुष सारखेच. पण अंगणवाडी सेविका, आशाताई? बायकाच करतात त्या कामाला वेतनश्रेणी नाही, मानधन! याचा मला फार राग येतो.

आणखी एक. तुमच्या तक्रारीमुळे त्या मुलाचा पगार कमी करायला कायद्याने बंदी आहे. हे त्याला आधीच सांगा. साक्षीला कचरणारी माणसं बहुतेक याच भीतीने कचरतात.