भेग उन्हाळ्यात उघडते, पावसात मिटते

प्रश्न : सोलापुरात आमचं तळमजल्याचं घर आहे, बांधून सहा वर्षं झाली. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेल्यात, दोनदा लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तरी एप्रिल-मे आला की परत उघडतात, आणि हॉलची फरशी मधोमध वर आलीये. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्लास्टरचा दोष आहे. नक्की काय?

उत्तर : प्लास्टरची भेग ऋतू बघून उघडत-मिटत नाही हो, हे काम तुमच्या पायाखालच्या काळ्या मातीचं आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी मिळालं की फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. सोलापूरकडे पाऊस कमी, ऊन कडक, म्हणून हा फरक मोठा पडतो. घराखालची जमीन झाकलेली असल्यामुळे तिथली ओल उडून जात नाही, साठत राहते आणि फरशी मधे वर येते, पण बाहेरच्या भिंतींखालची माती उन्हाळ्यात सुकून खाली बसते, मग मधला भाग वर नि कडा खाली, आणि भिंत सगळ्यात कमजोर असते त्या खिडकीच्या कोपऱ्यात फाटते.

खात्री करायची तर लॅबमधून फ्री स्वेल टेस्ट करून घ्या, खर्च फार नाही. चाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम दोन नळ्यांत घालतात, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी, आणि 24 तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही. तिथे 12 मिली राहिली आणि पाण्यात 21 झाली तर फुगणं 75 टक्के! 50 च्या पुढे गेलं की मी तरी ती माती गांभीर्यानेच घेतो.

आता लांबीवर पैसे घालवू नका प्लीज. आधी नळाची, ड्रेनेजची गळती शोधा, भिंतीला लागून असलेली बाग लांब न्या, आणि घराभोवती दीड-दोन मीटर रुंद, बाहेर उतार असलेलं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे भिंतीला लागून पाणी मुरू न देणारा पक्का पट्टा, करा म्हणजे कडेची ओल वर्षभर साधारण सारखी राहील. भिंतीजवळ मोठा कडुनिंब असेल तर तोही माती सुकवतो, पण एकदम तोडू नका, तोडल्यावर तीच माती पाणी धरून फुगते.

वरचा मजला चढवायचा विचार असेल तर थांबा, पाया तपासल्याशिवाय नको. नवीन घर असतं तर अंडर-रीम्ड पाइल सांगितले असते, म्हणजे जमिनीत उतरवलेले पायाचे खांब, खाली फुगीर गोळा असलेले, साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे ओल फारशी बदलत नाही.

आणि आजच भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, पुढच्या मे महिन्यापर्यंत दर महिन्याला रुंदी मोजा, ती वही घेऊनच इंजिनिअरकडे जा.