वाढत्या अंगाचे स्केट्स घेऊ नका

प्रश्न : आम्ही चार वर्षांपूर्वी नाशिकहून कॅनडातल्या मिसिसागाला आलो. आमच्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मित्रांचे पाहून आइस हॉकीचा हट्ट धरला, म्हणून यंदा त्याला इथल्या क्लबमध्ये घातले. पहिल्या तीन सरावांत तो खेळला कमी आणि पडला जास्त. तिसऱ्या वेळी तर रडतच बाहेर आला. तरीही ‘शनिवारी जायचेच’ असे म्हणतो. आम्हा दोघांनाही स्केटिंग येत नाही आणि टीव्हीवरची धक्काबुक्की पाहून माझ्या पतींना हा खेळच नको वाटतो. आम्ही मुलाला मदत तरी कशी करावी?
— एक आई, मिसिसागा

उत्तर : रडत बाहेर येऊनही जो मुलगा शनिवारची वाट पाहतो, त्याला खेळ नकोसा झालेला नाही. त्याला कुठेतरी काहीतरी बोचते आहे, आणि या वयात ते बहुतेक वेळा पायांतच सापडते. म्हणून सर्वांत आधी स्केट्स, म्हणजे खाली पाते असलेले ते बूट, तपासा.

मुलांचे कपडे आणि बूट वाढत्या अंगाचे घ्यायचे, हे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. माझ्या मुलीचे पहिले स्केट्स घेताना मीही ‘दोन हंगाम तरी निघतील’ असा हिशेब करून मोठ्या मापाचे उचलले आणि त्यात लोकरीचे जाड मोजे घातले. आत टाच हलू लागली, घोटे आतल्या बाजूला कलले आणि बिचारी अर्धा हंगाम बर्फावर पाय फरफटत फिरली. चूक तिची आहे असे मला वाटत होते, हे आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते. हॉकीचे स्केट्स रोजच्या बुटांपेक्षा साधारण एक ते दीड आकडा लहान लागतात. नाड्या सैल सोडून मुलाला पाय पुढे सरकवायला सांगावे. बोटे टोकाला टेकली असता टाचेमागे आपले एक बोट जेमतेम शिरले, तर माप बरोबर आहे. मोजा एकच आणि पातळ असावा, कारण जाड मोज्याने पाय आवळला जाऊन रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट अधिकच गारठतात.

दुसरी गोष्ट धारेची. नव्या स्केट्सच्या पात्याला दुकानातून बहुधा धार लावलेली नसते, हे नवख्या पालकांना कोणी सांगत नाही. पात्याच्या खालच्या बाजूला लांबलचक खोबण असते आणि तिच्या दोन्ही कडांना धार असते. ती कड बर्फात रुतते म्हणून मुलाला पाय रोवून ढकलता येते. धार नसेल तर चांगला स्केटरसुद्धा घसरेल. धार लावून घ्यावी, खेळ संपल्यावर पाते फडक्याने कोरडे पुसावे आणि बर्फाबाहेर चालताना त्यावर आवरण चढवावे.

आता नाड्यांविषयी. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कपडे बदलण्याच्या खोलीत रबरी जमिनीवर गुडघे टेकून बसलेले आईबाप दिसतील. हंगामभर तीच आपलीही जागा आहे. मुलाला टाच जमिनीवर आपटून मागे बसवायला सांगावे, बोटांजवळच्या नाड्या जरा सैल ठेवाव्यात आणि घोट्यापाशी मात्र दोन्ही हातांनी ताणून घट्ट कराव्यात. हे सगळे चढवण्यापूर्वी मुलाला शौचालयात नेऊन आणावे. हा सल्ला किरकोळ वाटेल, पण पॅड, पँट, जर्सी आणि हेल्मेट चढवून झाल्यावर ‘आई, शू’ हे शब्द ज्याने ऐकले आहेत, त्याला त्याचे मोल कळेल.

पडण्याबद्दल काळजी करू नये. पडणे हा या वयाच्या शिक्षणाचाच भाग आहे, पण उठता येत नाही म्हणून मुले रडतात, आणि उठणे घरी शिकवता येते, त्यासाठी आपल्याला स्केटिंग यावे लागत नाही. बैठकीच्या गालिच्यावर त्याला स्केट्सखेरीज सगळा पोशाख घालून मुद्दाम पडू द्यावे. मग आधी दोन्ही गुडघ्यांवर, नंतर एक पाऊल पुढे टेकवून, त्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे. रोज दहा वेळा हा खेळ केला की आठवड्याभरात फरक दिसतो. जमले तर क्लबच्या सरावाजोडीला स्केटिंगचे वेगळे वर्गही लावावेत; स्केट कॅनडाचा कॅनस्केट हा नवशिक्यांचा कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी चालतो. स्टिकची लांबी स्केट्स घालून उभे राहिल्यावर हनुवटीपर्यंत यावी, जास्त असेल तर खुशाल करवतीने कापावी.

आपल्या पतींची भीती रास्त आहे, पण टीव्हीवर दिसते ती हॉकी आपल्या मुलाची नव्हे. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार सात वर्षांखालील मुले सुमारे ६१ मीटर लांबीच्या पूर्ण रिंकवर खेळतच नाहीत. रिंकचे भाग पाडून छोट्या जागेत खेळतात, म्हणजे पक (चेंडूऐवजी वापरायची रबरी चकती) प्रत्येकाच्या स्टिकला वारंवार लागतो. पकसुद्धा नेहमीच्या १७० ग्रॅमच्या काळ्या पकऐवजी सुमारे ११३ ग्रॅमचा निळा असतो. अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवणे तेरा वर्षांखालील गटातही २०१३ पासून बंद आहे. चेहरा पूर्ण झाकणारी जाळी आणि गळ्याचे संरक्षक कवच सक्तीचे आहे. हेल्मेटवर सीएसएची, म्हणजे कॅनडाच्या मानक संस्थेची, खूण पाहून घ्यावी.

राहिला प्रश्न आपल्या वागण्याचा. काचेमागून ओरडून सूचना देऊ नयेत. हेल्मेटमधून त्या त्याला धड ऐकू येत नाहीत आणि जेवढ्या येतात तेवढ्या प्रशिक्षकाच्या सूचनांशी भांडतात. परतताना गाडीत ‘आज का पडलास’ हा विषय काढू नये, ‘भूक लागली का’ एवढे पुरे. खेळाचे नियम आपल्याला ठाऊक नाहीत, ही मला तर सोयच वाटते. घरी त्यालाच विचारावे, ऑफसाइड म्हणजे काय ते समजावून सांग. उत्तर चुकीचे असले तरी चालेल. मात्र घेतलेला हंगाम मार्चपर्यंत पुरा करायचा, पुढच्या वर्षीचे तेव्हा पाहू, असे आधीच ठरवून त्याला सांगावे, म्हणजे दर शनिवारी घरात नव्याने वाद होणार नाही.

प्रश्न : आम्ही सहा महिन्यांसाठी पुण्याहून मुलाकडे ब्रॅम्प्टनला आलो आहोत. आठ वर्षांचा नातू सरावात डोके आपटून पडला. दोन मिनिटांत उठून ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी प्रशिक्षकाने त्याला त्या दिवशी पुन्हा उतरू दिले नाही आणि डॉक्टरांकडे पाठवले. एवढा बाऊ कशासाठी?
— एक आजोबा

उत्तर : काका, प्रशिक्षकाने बाऊ केला नाही, कायदा पाळला. ऑटवाची सतरा वर्षांची रग्बी खेळाडू रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये मरण पावली. आधीच्या आघातातून मेंदू सावरण्यापूर्वीच तिच्या डोक्याला पुन्हा मार लागला होता. त्यानंतर ऑन्टारिओने, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्यात येते त्या प्रांताने, २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला. मेंदूला आघात झाल्याची शंका जरी आली, तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीनंतर टप्प्याटप्प्याने परत आणायचे, असा त्याचा गाभा आहे. ‘मी ठीक आहे’ हे मुलाचे म्हणणे ग्राह्य धरू नये, कारण त्याला खेळायचे असते, आणि डोकेदुखी, मळमळ, चिडचिड किंवा झोपेतला बदल काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसू लागतो. आपण दिवसभर घरी असता, तेव्हा हे बदल सर्वांत आधी आपल्यालाच दिसतील. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे किंवा जाग न येणे यांपैकी काही दिसले, तर वाट न पाहता ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला गोलकीपरच व्हायचे आहे. त्या सामानाच्या किमती ऐकून धडकी भरली.
— एक बाबा, एडमंटन

उत्तर : एवढ्यात काहीही विकत घेऊ नये. या वयात मुले आळीपाळीने गोलमध्ये उभी राहतात आणि त्यासाठीचे पॅड बऱ्याच क्लबांकडे असतात. आधी तिथे विचारावे. बाकीचे सामानही जुने मिळते आणि मुले ते झिजण्याआधीच मोठी होतात, तेव्हा पँट, गुडघ्यांचे पॅड आणि हातमोजे वापरलेले घ्यायला हरकत नाही. हेल्मेट मात्र नवेच घ्यावे. आणि दोन-तीन वर्षे तिला इतरांइतकेच स्केटिंग करू द्यावे, कारण चांगल्या गोलकीपरला सर्वांत जास्त लागतात ते पायच.