वाचकांचे प्रश्न : गेमिंग कंपन्यांतील पगार आणि ऑनलाइन खेळांचे भवितव्य

या वेळी नाशिकहून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा यंदा संगणक शाखेचा अभियंता झाला. पुण्यातील एका मोठ्या परदेशी गेम कंपनीत त्याला टेस्टरची नोकरी मिळत आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीचेही पत्र आले आहे आणि तिथला पगार बराच जास्त आहे. ज्यांचा एकेक गेम हजारो कोटी कमावतो, त्या कंपन्या पगाराच्या बाबतीत हात आखडता का घेतात? मुलगा तर गेमिंगवरच अडून बसला आहे.
— एक पालक, इंदिरानगर

उत्तर : गेमची कमाई आणि तो बनवणाऱ्याचा पगार यांचा थेट संबंध फार थोड्या ठिकाणी असतो. पुणे-बंगळुरूतील परदेशी कंपन्यांचे स्टुडिओ बहुधा मूळ कंपनीला काम करून देतात. विक्रीचा पैसा परदेशातील खात्यांत जमा होतो आणि इथल्या शाखेला झालेला खर्च व त्यावर ठरलेला थोडा नफा एवढेच मिळते. त्यामुळे इथला पगार ठरतो तो त्या शहरात तशा कामाला माणूस कितीला मिळतो, यावरून. सर्व्हर सांभाळणारा किंवा ग्राफिक्स इंजिनावर काम करणारा प्रोग्रामर उद्या बँकेच्या किंवा क्लाउड कंपनीच्या नोकरीत जाऊ शकतो, म्हणून त्याला टिकवण्यासाठी पैसे मोजावे लागतात. टेस्टरच्या जागेसाठी मात्र लहानपणापासून गेम खेळत आलेल्या मुलांची रांग लागलेली असते आणि कंपनीला ते पक्के ठाऊक असते.

टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळणारा, असा आपल्या मुलाचा समज असेल तर तो आधी दूर व्हायला हवा. खेळातल्या एखाद्या खोलीच्या चारही भिंतींना खेटून पात्र चालवायचे, प्रत्येक कोपऱ्यात उडी मारून पाहायची, ते भिंतीत अडकले किंवा जमिनीतून आरपार खाली पडले की गेमच्या कोणत्या बिल्डमध्ये (आवृत्तीत), काय काय केल्यावर आणि दहापैकी किती वेळा असे झाले याची नोंद करायची, आणि प्रोग्रामरने दुरुस्ती केली की पुन्हा त्याच भिंती धरायच्या, असे हे काम आठवडेच्या आठवडे चालते. ज्याला त्यात गोडी वाटते तो पुढे चाचणीचे ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रामकडूनच चाचणी करून घेणे, शिकून वर जातो. ज्याला वाटत नाही तो वर्षभरात गेम खेळणेही सोडतो.

पत्रातला सीटीसीचा (कंपनीला तुमच्यामागे पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा) आकडा सोडून द्या आणि महिन्याला हातात काय पडेल ते लेखी विचारा. बोनस, शेअर्स, जेवणाचे कूपन हे सगळे त्या आकड्यात कोंबलेले असते. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, म्हणून मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी कमी करण्याची जुनी युक्ती आता तितकीशी चालत नाही. नेमणूक कंपनीच्या स्वतःच्या पटावर आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, हाही प्रश्न विचारायचाच. माझे मत विचाराल तर ठेकेदारामार्फत असेल तर सॉफ्टवेअरची नोकरी घ्यावी आणि संध्याकाळी घरी स्वतःचा छोटा गेम बनवावा, कारण गेम कंपन्या मुलाखतीत पदवीपेक्षा असे बनवलेले काम उघडून पाहतात. नेमणूक कायम असेल आणि कामात थोडेतरी प्रोग्रामिंग असेल, तर पगार कमी असला तरी त्याला अडवू नका.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात युनियनचे काम करतो. अमेरिकेतील गेम कंपन्यांत युनियन झाल्या आहेत, असे मुलीने सांगितले. संगणकावर काम करणाऱ्यांना युनियन कशाला लागते आणि तिने पगार वाढले का?
— एक कामगार, सातपूर

उत्तर : ठिणगी पडण्याआधीचे चित्र आपल्याला ओळखीचे वाटेल. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या बड्या अमेरिकी गेम कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये २०१८ हे विक्रमी कमाईचे वर्ष ठरल्याचे जाहीर केले आणि त्याच वेळी सुमारे ८ टक्के कर्मचारी कमी केले. २०२० मध्ये ब्लिझार्डच्या कर्मचाऱ्यांनी आपापले पगार नाव न देता एका तक्त्यात लिहून एकमेकांसमोर मांडले, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस किती घेतो हेच कुणाला माहीत नव्हते. पैसे पुरवण्यासाठी जेवण टाळणारेही त्यांच्यात होते. त्या वर्षी कंपनीचे प्रमुख बॉबी कोटिक यांचा मोबदला, बहुतांश शेअर्सच्या रूपात, सुमारे १५.४ कोटी डॉलर होता. महिलांना कमी पगार व कमी बढत्या दिल्याच्या आरोपावरून कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०२१ मध्ये दाखल केलेला दावा २०२३ च्या अखेरीस सुमारे ५.४ कोटी डॉलर देऊन मिटवण्यात आला. रायट गेम्स या दुसऱ्या गेम कंपनीनेही तशाच स्वरूपाच्या तक्रारींवर २०२१ मध्ये १० कोटी डॉलरची तडजोड केली.

युनियन उभी राहिली ती टेस्टर लोकांची, म्हणजे सर्वांत कमी पगार असलेल्यांची. अ‍ॅक्टिव्हिजनच्याच रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओतील काही कंत्राटी टेस्टरना काढल्यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये काम थांबवले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. दरम्यान एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतील सुमारे १,१०० तात्पुरत्या टेस्टरना कायम केले आणि किमान पगार तासाला २० डॉलर केला. मात्र रेव्हनच्या टेस्टरना, युनियनची प्रक्रिया सुरू असल्याचे कारण देऊन, त्यातून वगळले. हा डाव आपल्या सातपूर-अंबडला नवा नाही. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले तेव्हा युनियनच्या आड न येण्याचा करारही केला, आणि त्याच मायक्रोसॉफ्टच्या झेनिमॅक्स या गेम कंपनीतील टेस्टर युनियनने २०२५ मध्ये सरसकट १३.५ टक्के वाढ पदरात पाडून घेतली. तेव्हा पगार वाढले, हे खरे आहे. नोकरीची हमी मात्र युनियनलाही मिळवता आलेली नाही : व्यवहार पूर्ण झाल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, गेमिंग विभागातून १,९०० जण कमी झाले.

पगार वाढण्याची दुसरी वाटही आहे, ती माणसांच्या टंचाईची. दक्षिण कोरियात २०२१ मध्ये नेक्सॉन या गेम कंपनीने वाढ जाहीर करताच बीजीएमआय (पबजी मोबाइलचा भारतातील अवतार) चालवणाऱ्या क्राफ्टनने प्रोग्रामरचा वार्षिक पगार २ कोटी वॉनने वाढवून नवख्यांचा ६ कोटी वॉनवर नेला. जपानच्या कॅपकॉमने २०२२ मध्ये मूळ पगार सरासरी ३० टक्क्यांनी वाढवला. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांत २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगार किती ते किती हे छापावे लागते. आपल्याकडे तसा कायदा आला तर निम्मी घासाघीस वाचेल.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर आम्ही सगळे बीजीएमआय खेळतो आणि स्किनवर (पात्राच्या कपड्यांवर, रूपावर) मी बरेच पैसे घातले आहेत. ऑनलाइन गेम असेच चालत राहतील का? यात करिअर करावे का?
— एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : गेम चालत राहतील, तुमचाच गेम चालेल की नाही, हे सांगता येत नाही. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला, हे तुमच्या डोळ्यांसमोर घडले आहे. स्किन तुमच्या मालकीची नसते. तो वापरण्याचा परवाना असतो आणि सर्व्हर बंद झाला की संपतो. युबिसॉफ्टने २०१४ मध्ये आणलेला ‘द क्रू’ हा शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. त्यातून, विकलेले गेम बंद केल्यावरही खेळता येतील असे ठेवावेत, अशी मोहीम युरोपात उभी राहिली आणि २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला हा परवाना असल्याचे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

मूळ अडचण वेळेची आहे. पूर्वी गेम विकला की कंपनीचे काम बहुतांशी संपत असे. ऑनलाइन गेमला दर काही आठवड्यांनी नवा सीझन, नवे नकाशे, नवे कपडे द्यावे लागतात, रात्री-अपरात्री सर्व्हर उठवावे लागतात आणि त्यासाठी कायमची माणसे लागतात. खेळणाऱ्याकडे मात्र संध्याकाळी दोनच तास असतात आणि ते तो ज्या गेममध्ये मित्र आहेत आणि पैसे गुंतले आहेत तिथेच घालवतो. त्यामुळे जुने गेम हलत नाहीत. ब्लिझार्डचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ पासून चालू आहे आणि अमेरिकेत त्याची मासिक वर्गणी तेव्हापासून १४.९९ डॉलरच आहे. उलट सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, खेळाडू फिरकले नाहीत, ६ सप्टेंबरला तो बंद करून पैसे परत दिले गेले आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा स्टुडिओच मिटवला. मार्च २०२६ पर्यंत असे सतत चालणारे बारा ऑनलाइन गेम आणण्याचा सोनीचा बेत होता, तो २०२३ मध्येच सहावर आला होता.

याचा पगाराशी संबंध असा. सोनीने २०२२ मध्ये बंजी हा स्टुडिओ ३.६ अब्ज डॉलरना घेतला, त्यांतले सुमारे १.२ अब्ज केवळ कर्मचारी टिकून राहावेत यासाठी बाजूला ठेवले होते. जुलै २०२४ मध्ये त्याच स्टुडिओतून २२० जण कमी झाले. फोर्टनाइटसारखा गेम हाती असलेल्या एपिकनेही सप्टेंबर २०२३ मध्ये, कमाईपेक्षा खर्च जास्त होत असल्याचे सांगून, सुमारे ८३० जणांना काढले. म्हणून करिअर करायचे असेल तर एका गेमवर किंवा एका कंपनीवर भिस्त ठेवू नका. नेटवर्क प्रोग्रामिंग, डेटाबेस, सर्व्हरवरचा ताण मोजणे ही कौशल्ये गेम बंद पडला तरी बाजारात चालतात. बीजीएमआयमधली रँक मुलाखतीत कामाला येत नाही. पाच मित्रांना एकत्र खेळता येईल असा छोटा खेळ स्वतः बनवून सर्व्हरवर चालवला असेल तर तो येतो.

प्रश्न : पैसे लावून खेळण्याच्या एका ॲपमध्ये मी घरून ग्राहक-सेवेचे काम करत होतो. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर नोकरी गेली. पगार बरा होता. आता पुढे काय?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : संसदेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी संमत केलेल्या कायद्याने पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना, त्यांच्या जाहिरातींना आणि बँक व्यवहारांना मनाई केली, असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्या धंद्यातला पगार बरा होता तो खेळणाऱ्यांच्या हरण्यावर होता, हे स्पष्ट बोललेले बरे, आणि तसा पगार इतर गेम कंपन्यांत लगेच मिळेल असे धरून चालू नका. पैसे अडकल्याच्या तक्रारी, खोटी खाती ओळखणे, परतावे ही कामे तुम्ही केली असतील तर त्यांची गरज पेमेंट कंपन्यांना, ऑनलाइन दुकानांना आणि ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) भरवणाऱ्यांना आहे. याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. जुन्या कंपनीचे नाव अर्जात लपवू नका, तिथे नोकरी करणे तेव्हा गुन्हा नव्हता. कंपनी गाशा गुंडाळण्याआधी अनुभवपत्र, नोटीस काळाचा पगार आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख, या तीन गोष्टी मात्र करून घ्या; नंतर ई-मेलला उत्तर देणारेही कुणी उरत नाही.