ब्राझीलमध्ये सगळे एकमेकांत मिसळलेत, म्हणून तिथे वंशभेद नाही हे खरं का? ब्राझिलियन लोकांचा इतिहास आणि संस्कृती थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात जमणार नाही, आधीच सांगते. मिसळलेत हे खरं. वंशभेद नाही हे साफ खोटं. आणि हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, त्यातले बहुतेक तिकडे कधी न गेलेले, की आज बसून लिहितेच.

नवऱ्याच्या आयटीतल्या बदलीमुळे आम्ही काही वर्षं साओ पाउलोत होतो. जायच्या आधी मलाही सांबा, फुटबॉल, कार्निव्हल एवढंच माहीत होतं, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला नावं ठेवत नाही.

इतिहास पटकन उरकते. 1500 साली पेद्रो आल्व्हारेस काब्राल भारताकडेच निघाला होता, वाटेत ईशान्य ब्राझीलमधल्या बाहियाच्या किनाऱ्याला लागला, आणि मग पुढे कालिकतला आलाच. किनाऱ्यावर तुपी नावाचे तिथले मूळ रहिवासी होते, ते रोगराईनं, मारामाऱ्यांनी आणि वेठबिगारीनं संपत गेले. ऊस लावला, उसाला माणसं लागतात, मग ती आफ्रिकेतून पकडून आणली. किती, तर साधारण 48 लाख. अमेरिकेतली गुलामी आपल्याला सिनेमांमुळे पाठ असते, पण यूएसमध्ये थेट आफ्रिकेतून आणलेले चार लाखांच्या आतच होते. म्हणजे खरी गुलामांची बाजारपेठ ब्राझील, आणि ती बंदही सगळ्यात शेवटी झाली, अमेरिका खंडात शेवटचा देश हाच. 13 मे 1888 ला राजकन्या इझाबेलनं कायद्यावर सही केली, लोक रस्त्यात नाचले, आणि दुसऱ्या दिवशी सुटलेल्या माणसाच्या हातात काय, तर काही नाही. जमीन नाही, पैसा नाही. सरकारी जमीन फक्त विकतच मिळेल असा कायदा 1850 लाच करून ठेवला होता. मग बायका कुठे गेल्या? त्याच घरांच्या त्याच स्वयंपाकघरात.

आणि कॉफीच्या मळ्यांवर या सुटलेल्यांना नीट मजुरी देऊन ठेवायचं सोडून सरकारनं बोटीचं तिकीट स्वतः भरून इटालियन आणले, कारण देश गोरा करायचा होता. मी म्हणत नाहीये, त्यांचीच लेखी पॉलिसी होती. 1890 च्या फर्मानात स्पष्ट होतं की आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांना संसदेच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. पुढे मळ्यांवरचे हाल ऐकून 1902 मध्ये इटलीनंच तसली फुकट तिकिटं बंद केली, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा जपानी चालले. 18 जून 1908 ला कासातो मारू नावाचं जहाज सांतोस बंदरात लागलं, 781 जण घेऊन. आज जपानच्या बाहेर सगळ्यात जास्त जपानी वंशाचे लोक ब्राझीलमध्ये आहेत. 1911 मध्ये तर रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा संचालक, जुआंव बातिस्ता दे लासेर्दा, लंडनच्या परिषदेत जाऊन सांगून आला की असंच मिसळत राहिलं तर शंभर वर्षांत आमच्याकडे काळा माणूस उरणारच नाही. म्हणजे ज्या मिसळण्याचं आपण इथे बसून कौतुक करतो ते त्या साहेबांच्या हिशोबात काळ्यांना पुसून टाकायचं औषध होतं. त्याच्याआधीची तीनशे वर्षं तर मिसळणं म्हणजे मालक आणि गुलाम बाई, त्यात बाईला कोण विचारतंय.

आता माझं. आमची बिल्डिंग चांगल्या वस्तीत होती, मजल्यावर दोन लिफ्ट. एक 'सोसिआल', म्हणजे रहिवासी-पाहुण्यांची, तिला आरसा, लाकडी पॅनल, ती उघडते हॉलच्या दाराशी. दुसरी 'सेर्विसो', म्हणजे सामान आणि नोकरांची, आतून पत्रा, सामान खरवडू नये म्हणून गोधडीसारखं कापड अडकवलेलं, ती उघडते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. त्या मागच्या बाजूलाच कपडे धुवायची जागा आणि तिला लागून मोलकरणीची खोली. खोली म्हणजे काय, पलंग टाकला की दार पूर्ण उघडत नाही, आणि बाथरूममध्ये शॉवर जवळजवळ कमोडच्या डोक्यावर. आम्ही तिथे बॅगा ठेवायचो. सोळाव्या मजल्यावर, सगळ्या सोयींच्या घरात, खिडकी नसलेली खोली मुद्दाम काढलेली, आर्किटेक्टनं नकाशातच काढलेली.

आमच्या गल्लीत आठवड्याचा बाजार भरायचा, फेइरा म्हणतात. भाजी घ्यायची, गरम पास्तेल, म्हणजे सारण भरून तळलेली पुरी, खायचं, वर उसाचा रस प्यायचा, त्या दिवशी मला घरची आठवण कमी यायची. तर एकदा बाजारातून आले, दोन्ही हातांत पिशव्या, अंगावर जुना सुती कुर्ता, केस बांधलेले, आणि मी आहे चांगली सावळी. सोसिआल लिफ्टमध्ये शिरले. आत वरच्या मजल्यावरच्या एक बाई होत्या, गोऱ्या, साठीच्या, नेहमी कुत्र्याला घेऊन. अगदी गोड हसून मला म्हणाल्या, तू कोणाकडे कामाला आहेस गं, नवीन दिसतेस, सामान असलं की पलीकडच्या लिफ्टनं जायचं हं. आवाज चढलेला नाही, शिवी नाही, काही नाही. त्यांच्या कुत्र्यानं पण नियमाप्रमाणे पलीकडच्याच लिफ्टनं जायचं असतं, तो मात्र आमच्यासोबत उभा होता.

मी म्हटलं मी सोळाव्यावर राहते, भारतातून आलेय. त्यावर त्यांचा चेहरा लगेच बदलला, अरे वा इंडिया, योग, ताजमहाल. म्हणजे मी परदेशी निघाले म्हणून सुटले. सावळी ब्राझिलियन असते तर सुटले नसते, एवढं साधं आहे.

आणि गंमत म्हणजे त्याच लिफ्टच्या भिंतीवर पाटी होती. वंश, रंग, लिंग, सामाजिक स्थिती अशा कुठल्याही कारणावरून लिफ्ट वापरण्यात भेदभाव केला तर दंड. साओ पाउलो शहराचा 1996 चा कायदा आहे, प्रत्येक बिल्डिंगमध्ये पाटी लावावी लागते. ज्या शहराला असा कायदा करावा लागला, पाटी ठोकावी लागली, तिथे भेदभाव नाही असं म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

घरी मावशी आल्या होत्या, कामाच्या, त्यांना सांगितलं. त्या हसल्याच. त्या मूळच्या बाहियाच्या, ईशान्य भागातल्या, साओ पाउलोत तिकडून आलेल्या कुणालाही 'बाइआनो' म्हणून हिणवतात. म्हणाल्या, मी तर ती लिफ्ट कधी मागवतच नाही, कायदा माहितीये मला, पण कायदा काय माझ्याबरोबर वर येतो का.

मावशींकडून मी जो ब्राझील शिकले तो कुठल्या टूरवाल्यानं दाखवला नसता. एकदा एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली तर त्यांनी दाणा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, हा तर आमचा मान्जिओका. खरंय, ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो तिकडचाच, त्याच्याच पिठाची त्या तव्यावर भाकरीसारखी तापिओका करायच्या, वर खोबरं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिका खंडातलीच. काजू तर थेट ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला. बदल्यात आंबा आणि फणस आपल्याकडून तिकडे गेले, रिओच्या तिजुकाच्या जंगलात फणस इतका माजलाय की तिकडच्या झाडांना जड जातोय. उपवासाचं ताट म्हणजे आपली प्राचीन परंपरा असं कोणी छातीठोक सांगायला लागलं की मला मावशी आठवतात.

त्यांची आई कांदोम्ब्ले पाळायची, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या योरुबा लोकांची दैवतं, ओरिशा. 2 फेब्रुवारीला समुद्रदेवी इएमान्जाला फुलं वाहायची. मावशी स्वतः इव्हांजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चमध्ये जायच्या आणि आईचं हे सगळं सैतानाचं म्हणायच्या. 2022 च्या जनगणनेत कॅथलिक 56.7 टक्क्यांवर आलेत आणि इव्हांजेलिकल 26.9 वर गेलेत, त्यामुळे 'ब्राझील म्हणजे कॅथलिक देश' हे पण आता जपून म्हणा. मावशींची मुलगी तिसरीच, ती आजीकडे जाऊन ढोल शिकायची. एका घरात तीन धर्म, आणि जेवताना त्यावर चकार शब्द काढायचा नाही असा करार.

जनगणना 2022 ची, गणना करणारा आला तेव्हा मावशी आमच्याकडेच होत्या. रंग किंवा वंश या प्रश्नाला पाच पर्याय असतात: गोरा, काळा, पिवळा म्हणजे पूर्व आशियाई, पार्दो म्हणजे मिश्र, आणि आदिवासी. माझं काय लिहायचं यावर त्याची आणि माझी चर्चा लांबली, शेवटी मावशींनी आतून ओरडून निकाल दिला, पार्दा लिही. स्वतःच्या घरी त्यांनीही तेच लिहिलं, खरं तर त्या स्वतःला मोरेना, म्हणजे सावळी, म्हणायच्या पण तो पर्याय नसतो. मुलीनं ठणकावून काळी लिहिलं. आईला राग आला होता, म्हणे एवढी काही काळी नाहीयेस. हे वाक्य मराठी घरात कधी ऐकलं नसेल अशांनी हात वर करा. त्या जनगणनेत पार्दो 45.3, गोरे 43.5, काळे 10.2 टक्के निघाले, 1991 पासूनच्या जनगणनांत पार्दो पहिल्यांदाच सगळ्यात पुढे. लासेर्दा साहेबांची शंभर वर्षं केव्हाच भरली.

संस्कृतीबद्दल विचारलंय तर ऐका, ज्याच्यावर आज ब्राझील मिरवतो ते जवळजवळ सगळं आधी पोलिसांनी बडवून काढलंय. कापोएइरा, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घडवलेला नाचासारखा लढाईचा खेळ, खेळणं 1890 च्या दंडसंहितेत गुन्हा होता, 2014 मध्ये तेच युनेस्कोच्या यादीत. सांबावाल्यांना पोलीस उचलायचे. फुटबॉल साहेबी क्लबांचा खेळ होता, 1923 मध्ये वास्को द गामा क्लबनं काळे आणि कामगार खेळाडू घेऊन रिओची स्पर्धा जिंकली, तर बड्या क्लबांनी पुढच्या वर्षी वेगळी लीग काढली आणि म्हणाले यायचं तर हे बारा खेळाडू काढा. वास्कोनं पत्र लिहून नाही सांगितलं, ते पत्र अजून तिकडे अभिमानानं वाचतात. फेजोआदा, म्हणजे काळ्या घेवड्याचं डुकराचं मांस घालून केलेलं कालवण, गुलामांनी मालकाच्या उरलेल्या तुकड्यांतून शोधलं ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो, पण खाण्याचा इतिहास लिहिणारे म्हणतात ते पोर्तुगीज पद्धतीच्या कालवणाच्या जास्त जवळचं आहे. चव मात्र शनिवारी दुपारीच बघा.

जाणार असाल तर रिओत कोपाकबानावर फोटो काढून झाले की व्हालोंगोच्या धक्क्यावर जा. गुलाम उतरवायचा घाट, 1843 मध्ये सम्राटाची बायको येणार म्हणून त्याच्यावरच नवा धक्का बांधून झाकून टाकलेला, 2011 मध्ये खोदकामात पुन्हा सापडला. खड्ड्यात उघडे पडलेले ओबडधोबड दगड आहेत, तिकीट नाही, गर्दी नाही. आणि बाहियातल्या साल्वादोरला जाच, 1763 पर्यंत राजधानी तीच होती.

बाजू दुसरीही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये येतील सांगायला. तिकडे निदान कायदे होतात. 2013 मध्ये घटनादुरुस्ती करून घरकाम करणाऱ्यांना दिवसाला 8 तास, आठवड्याला 44, वर ओव्हरटाइम दिला. आपल्याकडे आहे का? पळवाटही आहे, आठवड्यातून दोनच दिवस बोलावलं तर ती नोकरी धरत नाहीत, म्हणून सगळे दोनच दिवस बोलावतात, आम्हीही दोनच. 2012 च्या कायद्यानं केंद्रीय विद्यापीठांत निम्म्या जागा सरकारी शाळेतल्या मुलांना आणि त्यात काळे, पार्दो, आदिवासी यांना त्यांच्या प्रमाणात राखीव. मावशींची मुलगी त्यातूनच लागली. त्या कुत्र्यावाल्या बाई म्हणाल्या होत्या, आता मेरिटला काही किंमतच नाही राहिली. पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या, पण मला डबिंगची गरज पडली नाही.

हे सगळं साओ पाउलोतून आणि एका घरातून बघितलेलं आहे, दक्षिणेतल्या जर्मन गावांत किंवा अमेझॉनकडे राहिलेला माणूस वेगळं सांगेल. आणि लोक प्रेमळ आहेत, खूप, दवाखान्यात अनोळखी बाईनं माझ्यासाठी तासभर रांग धरलीये. प्रेमळ असणं आणि वेगळी लिफ्ट असणं दोन्ही एकाच बिल्डिंगमध्ये आरामात राहतं.

आता खरं दुखणं. पुण्यात परत आलो तर आमच्या सोसायटीत बोर्ड लागलेला, कामवाल्या बाया आणि डिलिव्हरीवाल्यांनी फक्त मागची लिफ्ट वापरावी. मी वार्षिक सभेत विरोध केला, साओ पाउलोचा किस्सा सांगितला. तर आमचे अध्यक्ष काका म्हणतात कसे, बघा, ब्राझीलसारख्या पुढारलेल्या देशातही वेगळी लिफ्ट असते, ताई स्वतःच सांगतायत. टाळ्या पडल्या. अर्धंच ऐकलं, पाटीचा भाग येईपर्यंत चहा आला होता. नंतर ग्रुपवर पाटीचा फोटो टाकला तर 'विषयाला धरून नाही' म्हणून ॲडमिननं उडवला. मागची लिफ्ट महिन्यातून निम्मे दिवस बंद असते, तेव्हा मावशी लोक अकरा मजले चढतात, आणि काकांच्या घरी येणाऱ्या मावशींचे गुडघे काकांनाही माहीत आहेत.

तर प्रश्नकर्त्याला सल्ला, कोणी 'तिकडे भेदभाव नाही' म्हटलं की त्याला विचारा तुमच्या घरी कामाला येणारी बाई कुठल्या दारानं येते. आणि काका, तुमच्या सूनबाई माझं लिखाण वाचतात, त्या तुम्हाला दाखवतीलच. बोर्ड काढण्याचा विषय पुढच्या सभेसाठी लेखी दिलाय, सेक्रेटरींनी अजून पोच दिलेली नाही, ती या रविवारपर्यंत द्या.